प्रार्थनेचा अर्थ, आश्वासनाचा काळ

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गोदावरीच्या काठी, गेवराई तालुक्यातले पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथ त्याला आत्मतीर्थ म्हणतो आणि दत्तात्रेयप्रभूंचे स्थान म्हणून तिथे नमस्काराला येतो. त्याच जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात अंबाजोगाई आहे. तिथे दासोपंतांची समाधी आहे आणि त्यांचेही उपास्य दैवत दत्तच. दैवत एक असले तरी या दोन परंपरांची वळणे फार वेगळी आहेत. दासोपंतांनी संस्कृत गीता मराठीत उलगडली. महानुभावांनी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मराठी बोलण्यालाच शास्त्राचा मान दिला आणि त्याचा अर्थ लावायला मराठीतच शास्त्र उभे केले. तरीही एका बाबतीत दोघे एकाच बाजूला उभे दिसतात. ग्रंथातला शब्द कोणत्या रूपात आला आहे, याकडे दुर्लक्ष करून त्याचा अर्थ सांगता येत नाही, ही जाण दोघांनाही होती. माझे म्हणणे याच जाणिवेविषयी आहे. भक्त देवाकडे काय मागतो आणि देव त्याला कशाची खात्री देतो, हे समजून घेताना क्रियापदाचा अर्थ आणि काळ निर्णायक ठरतात. इथे ‘अर्थ’ हा शब्द व्याकरणातल्या आज्ञार्थ-विध्यर्थाच्या अंगानेही घ्यायचा आहे. ही बाजू बारकाईने पाहिली तर व्याकरण भक्तीला कोरडे करते, हा समज टिकत नाही.

आपल्याकडे प्रार्थना हा विषय केवळ धर्मशास्त्रात नाही, व्याकरणातही आलेला आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात लिङ् हा लकार, म्हणजे आपला विध्यर्थ, कोणकोणत्या अर्थांनी येतो ते सांगताना सहा अर्थ मोजले आहेत : आज्ञा, निमंत्रण, आमंत्रण, आदरपूर्वक विनंती, विचारपूस आणि प्रार्थना. लगेच पुढच्या सूत्रात लोट्, म्हणजे आपला आज्ञार्थ, याच अर्थांनी येतो असे म्हटले आहे, आणि थोडे पुढे आशीर्वादासाठीही हेच दोन लकार दिले आहेत. म्हणजे धन्याने चाकराला केलेला हुकूम, यजमानाने पाहुण्याला केलेली विनंती, भक्ताने देवाला घातलेले साकडे आणि वडीलधाऱ्याने दिलेला आशीर्वाद, या सगळ्यांना भाषा तेच आज्ञार्थी रूप देऊ शकते. नेमका अर्थ कोण कोणाशी बोलतो यावरून ठरतो. पतंजलीने महाभाष्यात निमंत्रण आणि आमंत्रण यांत भेद केला, तोही याच दृष्टीने. निमंत्रण टाळता येत नाही. आमंत्रण स्वीकारायचे की नाही हे समोरच्याच्या इच्छेवर असते. हा भेद धर्मग्रंथाच्या वाचकाला फार मोलाचा आहे. देवाचे एखादे वाक्य बंधनकारक आज्ञा आहे की मोकळे बोलावणे, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्या वाक्याशी आपले नाते ठरत नाही.

दासोपंतांच्या ग्रंथसंसाराकडे या नजरेने पाहावे. त्यांचा जन्म १५५१ चा, नारायणपेठचा. वडील महसुलाच्या कामातले. वसूल थकला म्हणून बीदरच्या दरबाराने या मुलाला ओलीस ठेवले आणि मुदत सरण्यापूर्वी दत्ताने पाडेवार या गावसेवकाच्या रूपाने येऊन रक्कम भरली, अशी आख्यायिका आहे. देवाने दामाजीपंतांची थकबाकी भरल्याच्या कथेशी तिचे साम्य उघड आहे, त्यामुळे इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकता येणार नाही. पण परंपरेने या ग्रंथकाराची ओळख करून देताना प्रार्थना आणि तिला मिळालेले उत्तर हाच प्रसंग निवडला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. पुढे ते अंबाजोगाईला स्थिरावले. त्यांची पासोडी, म्हणजे सुमारे ४० फूट लांब कापडावर लिहिलेला वेदान्तातल्या पंचीकरणाचा ग्रंथ, अनेकांना ऐकून माहीत असते. पण त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे गीतार्णव, सव्वा लाख ओव्यांची म्हणून ख्यात असलेली गीतेवरची टीका. गीतेचे श्लोक ७००. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९०००, म्हणजे एका श्लोकाला सरासरी तेरा. गीतार्णवात हेच प्रमाण पावणेदोनशेच्या पुढे जाते. हा विस्तार केवळ पाल्हाळ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. मात्र त्यामागे भाषेचे एक कारणही आहे. संस्कृत क्रियापदाच्या एका प्रत्ययात पुरुष, वचन, काळ आणि बोलणाऱ्याचा हेतू असे सगळे दाटलेले असते. समासात विभक्ती लुप्त झालेली असते. मराठी श्रोत्यापुढे हे मांडायचे तर कोणी, कोणाला, कधी आणि कोणत्या अधिकाराने म्हटले ते मोकळे करून सांगावेच लागते. टीका म्हणजे बऱ्याच अंशी संकोचलेल्या रूपांना पुन्हा वाक्यांचा विस्तार देणे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण गीतेच्या अठराव्या अध्यायातला सहासष्टावा श्लोक. भारतीय भक्तिपरंपरेत याहून मोठे आश्वासन दाखवणे कठीण. त्यात चार क्रियारूपे आहेत आणि चारही वेगळ्या जातीची आहेत. सर्व धर्म सोडून देण्याची क्रिया ल्यबंत अव्ययाने, म्हणजे मराठीतल्या ‘-ऊन’च्या धातुसाधिताने आली आहे. शरण येण्याची क्रिया आज्ञार्थात, द्वितीय पुरुषात आहे. पापांतून सोडवण्याची क्रिया भविष्यकाळात आहे आणि तिचा कर्ता प्रथम पुरुष, म्हणजे बोलणारा भगवान स्वतः आहे. शेवटी शोक न करण्याविषयीचे सांगणे मा या अव्ययासह लुङ् या भूतकाळी लकारात आहे. पाणिनीच्या नियमाने तिथे धातूच्या आधीचा अकार गळतो आणि भूतकाळाचा अर्थही गळून निषेध उरतो. भक्ताच्या वाट्याला जे येते ते आज्ञार्थात आहे, देवाच्या वाट्याला जे येते ते भविष्यकाळात, आणि या दोहोंमध्ये ‘जर’ नाही. संकेतार्थ वापरून अट घालता आली असती. ती घातलेली नाही. त्याच्या आधीच्याच श्लोकात भगवान प्रथम पुरुषी वर्तमानकाळात प्रतिज्ञा करतो. नवव्या अध्यायात मात्र, भक्ताचा नाश होत नाही हे सांगताना, प्रतिज्ञेचे क्रियापद द्वितीय पुरुषी आज्ञार्थात आहे. तिथे ती प्रतिज्ञा अर्जुनाने करायची आहे. एकाच ग्रंथात आश्वासनाची ही दोन रूपे आहेत : एक देवाने स्वतः उच्चारलेले, दुसरे भक्ताच्या तोंडी सोपवलेले. पुरुषाचा प्रत्यय पाहिला नाही तर हा भेद हातातून निसटतो.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि पुढचे सगळे भाष्यकार पाणिनी कोळून प्यायलेले होते. तरीही या एका श्लोकावर त्यांचे एकमत झाले नाही. शंकराचार्यांनी सर्व कर्मांचा संन्यास घेतला. रामानुजाचार्यांनी कर्तेपणाचा आणि फळाचा त्याग घेतला. पुढे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत धर्मत्याग हा शरणागतीच्या विधीचा भाग आहे की नाही यावरून वडगलै आणि तेंगलै या शाखांमध्ये दीर्घ वाद झाला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात गीताच कर्मयोगाच्या बाजूने लावली. मग व्याकरणाने काय साधले? माझ्या मते बरेच साधले. हा सगळा वाद कुठे आहे ते पाहावे. तो त्या ‘-ऊन’च्या रूपावर आहे. धातुसाधित पूर्वीची क्रिया सांगते, पण ती पूर्वअट आहे की शरण येण्याबरोबर आपोआप घडणारी गोष्ट, हे ते रूप स्वतः सांगत नाही. तिथे रूपच मोकळे आहे, म्हणून तिथे मतांना जागा आहे. सोडवणारा कोण, यावर मात्र वाद नाही. त्या क्रियापदाचा कर्ता प्रथम पुरुषी आहे, आणि तो भक्ताकडे किंवा त्याच्या कर्माकडे वळवायचा तर वाक्यच मोडावे लागेल. मतभेद कुठपर्यंत जाऊ शकतात याची हद्द व्याकरणाने आखून दिली आणि आश्वासन त्या हद्दीच्या पलीकडे सुरक्षित ठेवले.

पांचाळेश्वरला ज्यांचा माथा टेकतो त्या महानुभावांनी याहून धाडसी पाऊल उचलले. त्यांच्या दृष्टीने चक्रधरांची मराठी वचने हीच ब्रह्मविद्या. पंथातले पंडित केसोबास यांनी चक्रधरांच्या आठवणींच्या लीळाचरित्रातून ती वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. हेच केसोबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिल्याने पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण स्मृतिस्थळ या ग्रंथात नोंदलेले आहे. या निर्णयाचे महत्त्व आपण सहसा भाषाभिमानाच्या अंगाने सांगतो. त्याचा आणखी एक परिणाम झाला. शास्त्रच मराठीत आले म्हटल्यावर शास्त्रार्थाची साधनेही मराठीत आणावी लागली. पंडित भीष्माचार्यांच्या नावावर असलेले पंचवार्तिक हे मराठीतले आरंभीचे व्याकरण मानले जाते, आणि त्याचा जन्म सूत्रांचा अर्थ नीट लागावा याच गरजेतून झाला. राज्यकारभारासाठी किंवा परक्यांना भाषा शिकवण्यासाठी व्याकरणकार दादोबा पांडुरंगांच्या काळात व्याकरणे लिहिली गेली, त्याच्या कितीतरी आधी मराठी क्रियापदाकडे कोणीतरी तात्त्विक गांभीर्याने पाहिले, ते एका साधकाला आपल्या प्रभूचे सांगणे अचूक कळावे म्हणून. जुन्या मराठीतली कर्तव्यवाचक ‘-आवे’ आणि ‘-इजे’ ही रूपे आचारविषयक वचनांत येतात. त्यांतले कोणते सर्वांसाठी विधी आणि कोणते एका व्यक्तीला एका प्रसंगी सांगितलेले, यावर साधकाचे अख्खे आयुष्य अवलंबून होते. म्हणूनच सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले ते सांगणारे प्रकरणवश रचले गेले, आणि लीळांच्या पाठभेदांत हिराइसेसारख्या स्त्रीच्या स्मरणातला पाठही तिच्या नावाने जपला गेला.

मराठी क्रियापद प्रार्थना आणि आश्वासन कसे पेलते, याचे सर्वोच्च उदाहरण गोदावरीच्या याच खोऱ्यातले, नेवाशाचे आहे. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटचे पसायदान सर्वांना पाठ असते, पण त्यातल्या आख्यातांचा क्रम क्वचितच पाहिला जातो. आरंभी ‘तोषावें’ आणि ‘द्यावें’ ही वाख्याते आहेत. देव तिथे तृतीया विभक्तीत आहे. ‘तू दे’ असा थेट हुकूम नाही. देवाने असे करावे, अशी अदबीची विनंती आहे. मागणाऱ्याचा ‘मज’ तिथे एकदाच येतो. पुढे ‘सांडो’, ‘वाढो’, ‘पडो’, ‘जावो’, ‘लाहो’ अशी आज्ञार्थी रूपे येतात, आणि त्यांचा कर्ता देवही नाही, मागणाराही नाही. कर्ते आहेत दुष्टांचा वाकडेपणा, सत्कर्माची गोडी, जीवांचे मैत्र, पापाचा अंधार आणि इच्छा करणारा कोणताही प्राणी. मागणे स्वतःपासून सुटून जगाकडे वळले, हे आपण भावार्थ म्हणून सांगतो. ते कर्त्याच्या बदलातच घडलेले आहे. शेवटी उत्तर येते, ‘होईल’ या ईलाख्यातात. लगेच ग्रंथकार स्वतःविषयी सांगतो, ‘झाला’, लाख्यातात, भूतकाळात. दान अजून घडायचे आहे आणि सुख घडून चुकले आहे. आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. प्राण्याच्या इच्छेसाठी आलेले ‘वांच्छील’ आणि वर देणाऱ्याच्या तोंडचे ‘होईल’ या दोहोंत प्रत्यय एकच आहे. प्राण्याच्या बाबतीत तो अनिश्चित राहतो : जो जे इच्छील ते. देणाऱ्याच्या तोंडी तोच प्रत्यय निश्चिती होतो. रूप तेच असते. बोलणाऱ्याच्या अधिकाराने त्याला वजन येते.

हा विचार फक्त आपल्याकडचा नाही, हे ग्रीक नव्या कराराच्या अभ्यासातून दिसते. मागणे, शोधणे आणि दार ठोठावणे याविषयीच्या येशूच्या प्रसिद्ध उपदेशातली तिन्ही क्रियापदे ग्रीकमध्ये वर्तमान आज्ञार्थात आहेत. म्हणून अनेक अभ्यासक ‘मागत राहा’ असा सातत्याचा अर्थ घेतात. शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेतली भाकरीची मागणी मत्तयाच्या शुभवर्तमानात ‘दोस’ या अओरिस्ट, म्हणजे क्रियेचे सातत्य न सांगणाऱ्या, रूपात आहे आणि तिथे ‘आज’ हा शब्द आहे. लूकच्या शुभवर्तमानात तीच मागणी ‘दिदू’ या वर्तमान रूपात आहे आणि तिथे ‘रोजच्या रोज’ असे म्हटले आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रार्थना ऐकली जाण्याच्या खात्रीविषयी लिहिताना, मागितल्याचे क्रियापद पूर्ण वर्तमानात आहे आणि मिळाल्याचे साध्या वर्तमानात. भविष्यकाळाची अपेक्षा असताना तिथे वर्तमान आला आहे. पसायदानातल्या ‘झाला’शी याची तुलना आपोआप होते. मराठीत हे सगळे मुळातून वाचण्याचा ध्यास घेतलेली व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल समाजाचा रोष पत्करलेल्या अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत खपली. संस्कृत व्याकरणात वाढलेल्या स्त्रीने, खेड्यातल्या बायकांसाठी, परक्या भाषेतली रूपे तपासत राहावे, यात नागदेवाचार्यांच्या चिंतेचेच दुसरे रूप मला दिसते.

ग्रीकच्या अभ्यासाने एक इशाराही दिला आहे आणि तो आपणही घ्यावा. अओरिस्ट म्हणजे ‘एकदाच आणि कायमचे’ असा ठोकताळा धरून अनेक प्रवचने उभी राहिली. फ्रँक स्टॅग या अभ्यासकाने १९७२ मध्ये या गैरवापरावर स्वतंत्र लेख लिहून दाखवले की अओरिस्ट क्रियेकडे एकसंध घटना म्हणून पाहतो. ती किती वेळा घडली ते तो सांगत नाही. शिवाय ग्रीक प्रार्थनांमध्ये अओरिस्ट आज्ञार्थ ही रूढीच होती. म्हणजे मत्तय आणि लूक यांच्यातला फरक एकट्या क्रियापदावर तोलता येत नाही. ‘आज’ आणि ‘रोजच्या रोज’ हे शब्द सोबत घ्यावे लागतात. मराठीतही ‘होवो’ हे रूप आशीर्वादाला चालते तसेच शापालाही चालते. म्हणून रूपाला प्रसंगाची जोड हवी. महानुभावांनी व्याकरणाबरोबर प्रकरणाचा विचार केला, तो या दृष्टीने अतिशय प्रगल्भ होता. त्यानंतरही पंथात तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, झाल्या, हे खरे. पण वाद घालणाऱ्या सगळ्यांसमोर वचनाचे तेच रूप आणि तोच प्रसंग होता, त्यामुळे एकाचे म्हणणे दुसऱ्याला तपासता येत होते.

उरतो तो सर्वांत जुना आक्षेप : देव भावाचा भुकेला, त्याला विभक्ती-प्रत्ययांशी काय करायचे? गंगाखेडच्या जनाबाईने कोणते व्याकरण शिकले होते? हा आक्षेप श्रद्धेतून येतो, म्हणून त्याला उत्तरही आदरानेच दिले पाहिजे. जनाबाई व्याकरण शिकली नव्हती. ती ते बोलत होती. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणे, त्याला थेट आज्ञार्थात हाक मारणे, कधी रागाने बोल लावणे, हे सगळे पुरुष आणि अर्थ यांच्या निवडीतूनच घडते. ज्ञानदेव देवाला तृतीयेत ठेवून विनंती करतात आणि जनाबाई त्याला संबोधनात ओढून घेते. दोन्ही भक्तीच आहेत आणि दोहोंतला फरक व्याकरणाने दिसतो. व्याकरणाचा अभ्यास भाव निर्माण करत नाही. आधीच असलेला भाव नेमका कोणता आहे, हे तो दाखवतो. आक्षेपाचा दुसरा भाग अधिक बोचरा आहे. शतकानुशतके हे शास्त्र मूठभरांच्या हाती राहिले आणि त्याचा धाक दाखवून बहुसंख्यांना ग्रंथापासून दूर ठेवले गेले. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावर उपाय व्याकरण टाकून देणे हा नव्हता. ज्यांना ग्रंथ वाचता येत नाही ते सांगणाऱ्यावर अवलंबून राहतात, आणि सांगणारा देवाच्या आश्वासनात स्वतःच्या अटी घुसडू शकतो : इतके दान दे, अमुक विधी कर, मग फळ मिळेल. मूळ वाक्यात ‘जर’ आहे की नाही हे ज्याला पाहता येते, त्याला असे फसवता येत नाही. मराठी शास्त्राची वाट धरणाऱ्या महानुभावांनी आणि केडगावच्या रमाबाईंनी हेच ओळखले होते.

ग्रंथाचा इतिहास म्हणजे प्रती, तारखा आणि वाद एवढेच नसते. मुकुंदराजांचा काळ शके १११० धरावा की नंतरचा, त्यांचा विवेकसिंधू हा ग्रंथ अंबाजोगाईचा की आंभोऱ्याचा, हे प्रश्न अभ्यासकांनी लढवले आणि ते लढवायलाच हवेत. त्यांच्याबरोबर या भूमीने लावलेली वाचनाची शिस्तही वारशात मोजली पाहिजे. तिला पुढे नेण्याची जागा शोधायला लांब जायला नको. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत परिपाठात पसायदान म्हटले जाते आणि त्याच मुलांना तासाभराने क्रियापदाचे अर्थ आणि काळ निर्जीव कोष्टकांतून शिकवले जातात. या दोन तासांची गाठ घालून द्यावी. मुलांनी ‘लाहो’चा कर्ता शोधावा, ‘होईल’ कोण म्हणतो ते विचारावे आणि ‘झाला’ भूतकाळात का आहे यावर वाद घालावा. अंबाजोगाईच्या कीर्तनकारांनी आणि पांचाळेश्वरच्या अभ्यासकांनी या वादात भाग घ्यावा. ज्या मुलांना देवाच्या शब्दातला काळ ओळखता येईल, त्यांच्या आशेला कोणी मध्यस्थ परस्पर अटी लावू शकणार नाही.